रुग्णवाहिकेला साईड दिली नाही तर दहा हजार, चालणाऱ्याला दिली नाही तर पाचशे: परिवहनमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परिवहनमंत्री आणि परिवहन आयुक्त साहेब, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास असतो, तुम्हीही कधीतरी सोडवला असेल. झेब्रा क्रॉसिंगपाशी लोक रस्ता ओलांडायला उभे आहेत, तुम्ही काय कराल? हॉर्न वाजवून पुढे जाल, गाडी हळू करून हॉर्न वाजवत जाल, की गाडी थांबवून लोक पलीकडे गेल्यावर निघाल? राज्यातल्या लाखो लोकांनी तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवून लायसन्स घेतलंय आणि आरटीओच्या गेटबाहेर पडल्या पडल्या पहिला पर्याय वापरायला सुरुवात केलीय.

त्यामुळे लोकांना नियम माहीत नाही म्हणून ते थांबत नाहीत हे मला काही पटत नाही. नियम पाठ आहे, आणि तो मोडला तर काही होत नाही हेही तितकंच पाठ आहे. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं, चौकात शाळेची पोरं फलक धरून उभी राहतात, कुणीतरी यमराजाचा ड्रेस घालून बिनहेल्मेटवाल्यांपुढे गदा फिरवतं, हेल्मेटवाल्याला गुलाब मिळतो, पेपरात फोटो येतो, सगळं छान, पण ज्या पट्ट्यांवर उभं राहून हा कार्यक्रम होतो त्याच पट्ट्यांवर बाकीचे अकरा महिने चालणाऱ्याला कुणी आधी जाऊ देत नाही. मी पुण्यात राहतो, बरंच चालतो आणि गाडीही चालवतो, तेव्हा दोन्ही बाजू बघून बोलतोय असं समजा.

कायदा तुम्हाला तोंडपाठ असणार पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना नसेल, म्हणून सांगतो. गाडी कशी चालवायची याचे केंद्राचे २०१७ चे विनियम आहेत. त्यात सरळ लिहिलंय की जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा झेब्रापाशी आलात की वेग कमी करा, थांबा, आणि चालणाऱ्याला, व्हीलचेअरवाल्याला आधी जाऊ द्या. हा सल्ला नाहीये, नियम आहे. तो मोडला तर २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ अ लागतं, दंड कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. त्याच दुरुस्तीत कलम १९४ ई पण आलं, रुग्णवाहिका किंवा अग्निशमनची गाडी येत असताना बाजूला झाला नाहीत तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रुग्णवाहिकेच्या दहा हजारांबद्दल माझी काही तक्रार नाही, ते हवेतच. पण आत झोपलेल्या माणसाची वाट अडवली तर दहा हजार, आणि त्याला आत झोपवायची वेळ ज्याच्यामुळे आली त्याला झेब्रावर न थांबल्याबद्दल पाचशे, हा हिशोब कुणी लावला?

त्यात गंमत अशी की रुग्णवाहिकेला वाट द्यायला आपल्याकडे दंडाची फारशी गरज पडतच नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला मुंगी शिरायला जागा नसते, तरी सायरन ऐकला की ढोल थांबतात, पोरं हातात हात धरून साखळी करतात आणि गाडी सुळकन निघून जाते, तो व्हिडिओ मग सगळ्या ग्रुपवर फिरतो. त्याच लक्ष्मी रोडवर महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला, त्या दिवशी गाड्या बंद, लोक मधोमध आरामात चालतात, फोटो काढतात. १२ डिसेंबरला तिथेच रस्ता ओलांडून दाखवा.

बरं, पाचशेचा तरी दंड होतो का? चौकात कॅमेरे आहेत, ई-चलान मोबाईलवर फोटोसकट येतं. सिग्नलला पुढचं चाक पट्ट्यांवर आलं की फोटो निघतो आणि झेब्रा क्रॉसिंगची पावती फाटते, आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना ती आलेली असेल. पण जो थांबतच नाही, बिनसिग्नलच्या पट्ट्यांवरून चालणाऱ्याच्या अंगावर गाडी घालत पन्नासच्या स्पीडने निघून जातो, त्याला चलान आलेलं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. कारण ते फोटोत दिसत नाही ना. थांबलेलं चाक फोटोत पकडता येतं, न थांबलेलं पकडायला पाच-सहा सेकंदांचा व्हिडिओ लागतो आणि तो बघून ठरवायला माणूस लागतो. म्हणजे पट्ट्यांवर थांबला तो गुन्हेगार आणि पट्ट्यांवरून सुसाट गेला तो सज्जन!

आमच्याकडच्या भाजी मंडईसमोर असाच एक झेब्रा आहे, पट्टे पुसट झालेले, मधे डिव्हायडर, दोन्हीकडे दोन-दोन लेन. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला काठी लागते. त्या संध्याकाळी एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी वर आलेली पिशवी, मी दोन पावलं मागे. पीएमपीची बस आली, ड्रायव्हरने चक्क थांबवली आणि हाताने ‘चला आजी’ अशी खूण केली. आई निघाली, बसच्या तोंडासमोरून पुढे आली न आली तोच बसच्या उजव्या अंगाने एक बाईक, ही एवढी मोठी बस मधेच का थांबलीय असा साधा विचारही न करता, जोरात पुढे. आईने घाबरून काठी आडवी धरली म्हणून म्हणा किंवा बसवाल्याने हॉर्न दाबून धरला म्हणून म्हणा, बाईकवाला जरासा वळला, त्याचा आरसा पिशवीला लागला, मेथी रस्त्यावर, आणि हा पठ्ठ्या जाता जाता ओरडतो काय तर ‘बघून चालत जा की आजी!’ अरे ती बघूनच चालत होती, बस थांबलेली बघूनच निघाली ना ती. बसच्या ड्रायव्हरने सगळे निघून जाईपर्यंत बस हलवली नाही, मागे हॉर्नचा नुसता गोंधळ, त्याला शिव्या बसल्या त्या वेगळ्याच.

ही जी एक गाडी थांबते आणि दुसरी तिच्या बाजूने निसटते ना, ती सगळ्यात वाईट. थांबणाऱ्या गाडीच्या आडून चालणारा दिसत नाही आणि चालणाऱ्याला येणारी गाडी दिसत नाही. कितीतरी चांगले ड्रायव्हर म्हणूनच झेब्रावर थांबायचं टाळतात, मागचा ठोकेल आणि बाजूचा उडवेल, मग कशाला उगाच कुणाला भरवसा द्या.

यासाठी विधानसभेत नवीन कायदा आणायचीही गरज नाही. कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग, त्यात काय काय येतं ते २०१९ ला स्पष्ट करून टाकलंय, सिग्नल तोडणं, स्टॉप साइन न पाळणं, हातात मोबाईल धरणं, उलट्या दिशेने येणं आणि नियम सोडून ओव्हरटेक करणं. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही, तीन वर्षांच्या आत परत सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. मग चालणाऱ्यासाठी झेब्रावर थांबलेल्या गाडीला ओव्हरटेक करणं हे नियम सोडून ओव्हरटेक नाही तर काय आहे? तुमच्या खात्याने आणि गृहखात्याने मिळून एक परिपत्रक काढावं की हा प्रकार १७७ अ मध्ये नाही, १८४ मध्येच धरायचा, आणि चलानच्या मशीनमध्ये त्याचं वेगळं बटण द्यावं. मामांना बटण सापडलं नाही की ते जवळचं दुसरं काहीतरी दाबतात, मग कागदावर झेब्राचा गुन्हा दिसतच नाही आणि तुमच्या अहवालात सगळं आलबेल.

दुसरं कलम २१० अ. हे मला वाचून खरंच आश्चर्य वाटलं, कारण त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. या कायद्यातल्या दंडांना राज्य सरकार १ ते १० चा गुणक लावू शकतं, आणि वेगवेगळ्या वर्गाच्या गाड्यांना वेगळा गुणक लावायचीही मुभा आहे. म्हणजे पाचशेचे पाच हजार करणं मुंबईत बसून शक्य आहे, दिल्लीला जायला नको. डंपर, मिक्सर, खाजगी बस आणि ज्यांना आपण रस्त्याचे मालक समजतो त्या मोठ्या एसयूव्ही, यांना वरचा गुणक लावा, सायकलपेक्षा जरा मोठ्या मोपेडला खालचा. शंभर किलोच्या गाडीने आणि वीस टनाच्या गाडीने पट्टे न पाळणं सारखं कसं असेल?

तुम्ही म्हणाल महाराष्ट्रात दंड वाढवणं सोपं नसतं, आणि ते खरंच आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये देशात नवे दंड लागू झाले तेव्हा आपल्या राज्याने ते फार जड होतात म्हणून थांबवले आणि २०२१ च्या डिसेंबरपर्यंत आपण जुन्याच दरात नियम मोडत होतो. पुण्यात तर हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चे निघतात, डोकं आमचं आहे म्हणतात. ठीक आहे बाबा, डोकं तुमचं. पण झेब्रावरचे पाय तुमचे नाहीत, तिथे तुमच्या स्वातंत्र्याचा काय संबंध?

किती लोक जातात त्याचा आकडा केंद्राच्याच अहवालात आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोजची नव्वदच्या आसपास. यातली सगळी झेब्रावर गेली असं मी म्हणत नाही, हायवेवर, अंधारात, फुटपाथ नाही म्हणून कडेने चालताना गेलेलीही यात आहेत. पण लाल बस, लोकल, रिक्षा, शाळा, दवाखाना, कुठूनही उतरलं की माणूस पायीच असतो, आणि त्याच्या हक्काची म्हणून रस्त्यावर जी एकमेव जागा रंगवलेली आहे ती त्याला मिळत नाही एवढंच म्हणणं आहे.

चालणाऱ्यांचं एवढं लावून धरलं पण साईड न देणं हा रोग सगळीकडचा आहे. सर्कलमध्ये जो आधीच फिरतोय त्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आपल्याकडे जो बाहेरून जोरात घुसतो त्याचं सर्कल. छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना थांबून बघायचं असतं, आपल्याकडे गाडीचं नाक पुढे घालायचं आणि समोरच्याला ब्रेक मारायला लावायचं, नाक घातलं की हक्क झाला. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे मात्र जुने एसटी ड्रायव्हर अजून पाळतात, वरंध्यात किंवा आंबा घाटात खाली येणारी लाल गाडी वळणाच्या अलीकडे कडेला उभी दिसते आणि चढणारा ट्रक हात वर करून जातो, फार बरं वाटतं बघायला. नवीन पोरं विकेंडला ताम्हिणीत जातात त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि डिपर! बाहेरच्या बऱ्याच देशांत समोरच्याने डिपर दिला की ‘तुम्ही जा’, आपल्याकडे डिपर म्हणजे ‘मी येतोय, मर’.

आपलेच लोक दुबईत जाऊन कसे शहाण्यासारखे थांबतात हे वाक्य तुम्ही हजारदा ऐकलं असेल, मलाही त्याचा कंटाळा आलाय, पण ते का थांबतात ते कुणी सांगत नाही. तिथे क्रॉसिंगवर चालणाऱ्याला आधी जाऊ दिलं नाही तर ५०० दिरहम दंड आणि वर लायसन्सवर सहा काळे पॉइंट, आणि २४ पॉइंट झाले की लायसन्स जातं. म्हणजे चार वेळा. पैसे कंपनी भरेल, मित्र उसने देईल, पण पॉइंट कोण भरणार, गाडीच्या नोकरीवर गेलेल्या साताऱ्या-सांगलीच्या पोराला हे पहिल्याच आठवड्यात कळतं. जर्मनीतही ८० युरो आणि एक पॉइंट, जपानमध्ये साध्या कारला ९,००० येन आणि दोन पॉइंट. सगळीकडे पैसा थोडा आणि लायसन्सची भीती जास्त, असं दिसतं.

म्हणून मी नुसता दंड वाढवा म्हणत नाहीये. दंडाचं काय होतं ते आपण बघतोच, ई-चलानची थकबाकी हजार कोटींच्या वर गेलेली आहे, लोक भरत नाहीत, लोकअदालतीची वाट बघतात, तिथे सूट मिळते, व्हॉट्सॲपवर तारीख फिरते आणि एखाद्या सेलला जावं तशी रांग लागते. जो वेळेवर भरतो तो येडा ठरतो. तेव्हा झेब्रावर न थांबणं आणि थांबलेल्याला ओव्हरटेक करणं हे दोन गुन्हे लोकअदालतीच्या सवलतीतून बाहेर ठेवा, आणि वर्षात दुसऱ्यांदा सापडला की तीन महिने लायसन्स निलंबित. डिलिव्हरीवाल्या पोराच्या पोटावर पाय येईल असं कुणी म्हणेल, मलाही तो प्रश्न पडला, पण दहा मिनिटांत सामान पोचवायची घाई त्याची नसते, त्याच्या कंपनीची असते. कामावर असताना सापडला तर दंडाची नोटीस कंपनीलाही जाऊ द्या, मग बघा दहाची पंधरा मिनिटं कशी होतात.

आणि कृपा करून दहा वर्षांच्या शिक्षेची भाषा नको. भारतीय न्याय संहितेत कलम १०६ (२) आणलं, अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपांवर किलोमीटरभर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम तेवढं बाजूला राहिलं. दहा वर्षं ऐकायला भारी वाटतात पण माणूस मेल्यानंतरची आहेत. मला माणूस मरायच्या आधीची शिक्षा हवीय, लहान पण नक्की होणारी.

तोडपाणी वाढेल हा आक्षेप मी स्वतःच घेतो. पाच हजारांची पावती म्हटलं की पाचशेत मिटवायचा मोह दोन्हीकडून होणार, आपण काय नवीन आहोत का. म्हणून हा दंड चौकात उभं राहून गाडी अडवून करूच नका, फक्त व्हिडिओवरून करा, आणि तो व्हिडिओ चलानबरोबर पाठवा, गाडीवाल्यालाही दिसू दे की आपण काय केलं ते. आणखी एक, कलम २१० ब म्हणतं की कायदा राबवणाऱ्यानेच गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट. सरकारी पाटी लावलेल्या आणि पोलिसांच्या गाड्यांपासून सुरुवात केलीत तर लोकांची निम्मी कुरकूर तिथेच थांबेल.

आता चालणाऱ्यांबद्दल, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडतोय. हो, लोक कुठूनही घुसतात, कानाला फोन लावून चालतात, डिव्हायडरच्या जाळीवरून उड्या मारतात. पण जाळीवरून उडी का मारतात तेही बघा, पुढचा झेब्रा अर्धा किलोमीटर लांब असतो, आणि कितीतरी ठिकाणी पट्टे थेट डिव्हायडरच्या जाळीत जाऊन संपतात, मधे माणूस जायला फटच ठेवलेली नाही, ते पट्टे कुणासाठी रंगवले देव जाणे. पावसाळा झाला की रंग गेलेला, परत कधी मारतील ते ठेकेदार जाणे. जिथे पट्टे दिसत नाहीत तिथे गाडीवाल्याला दंड करणं अन्याय आहे, हे मी मान्य करतो. त्यासाठीही कलम आहेच, १९८ अ, रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. ते कपाटातून बाहेर काढा. आधी शाळा, दवाखाने, मंडया आणि एसटी स्टँडसमोरचे पट्टे जाडजूड रंगवा, त्यांना गतिरोधकासारखा उंचवटा द्या म्हणजे वेग आपोआप मोडतो, रात्री वर दिवा लावा, आणि मग तिथूनच कॅमेऱ्याची सुरुवात करा. सगळं शहर एकदम धरू नका, नाहीतर नेहमीसारखं पंधरा दिवस कडक मोहीम आणि सोळाव्या दिवशी जैसे थे.

हे सगळं आत्ताच का लिहितोय तर सुप्रीम कोर्टामुळे. कोइम्बतूरच्या एका ऑर्थोपेडिक सर्जनने रस्ता अपघातांबद्दल याचिका केलेली आहे, डॉ. एस. राजशेखरन, हाडं जोडून जोडून कंटाळलेला माणूस असावा. त्या प्रकरणात १४ मे २०२५ ला कोर्टाने सांगितलं की फुटपाथ वापरायचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातलाच हक्क आहे, आणि ७ ऑक्टोबर २०२५ ला सगळ्या राज्यांना आदेश दिले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१ अ) आणि २१० ड खाली पादचाऱ्यांसाठी आणि रस्त्यांच्या रचनेसाठी नियम करा, सहा महिन्यांत. म्हणजे नियम तर तुम्हाला करायचेच आहेत. माझी भीती एवढीच आहे की १३८ (१ अ) चालणाऱ्यांच्या वावराचं नियमन करायची परवानगी देतं, आणि आपल्याकडे नियमन म्हटलं की चालणाऱ्यालाच दंड, इथून ओलांडू नका, तिथे थांबू नका, अशीच यादी तयार होते. तसं करू नका. त्या नियमांबरोबरच गाडीवाल्याच्या बाजूचं परिपत्रक, गुणक आणि लायसन्सचं निलंबन, तिन्हीचा निर्णय एकत्र काढा.

आणि मसुदा आधी मराठीत टाका साहेब. राजपत्राची ती तिरकी स्कॅन केलेली, झूम केल्यावर आणखी धूसर होणारी प्रत नको, शोधता येईल असा मजकूर हवा. हरकती-सूचनांना तीस दिवस तरी द्या आणि त्या टपालाने मुंबईला पाठवायची अट नको, गावोगावच्या आरटीओत घ्या. मी माझी लिहून ठेवलेली आहे, आईची वेगळी येणार आहे, ती म्हणते तिला तिच्या शब्दांत लिहायचंय आणि ते शब्द तुम्हाला जरा जास्तच स्पष्ट वाटतील.

आपला,
पुण्यातला एक पायी चालणारा, गाडी चालवणारा आणि सगळी चलानं वेळेवर भरणारा येडा